चार देशांचा अर्ज

दादाशी माझं शेवटचं बोलणं झालं ते एका अर्जाबद्दल. त्याला दवाखान्यात ठेवून सहावा दिवस होता. ताप डोक्यात गेला होता, माणसं ओळखत नव्हता. त्याचा मुलगा सुरेश उशाशी बसलेला. मी आत गेलो तसे दादानं डोळे उघडले आणि अगदी स्वच्छ आवाजात विचारलं, "फारम गेला का?" सुरेशला वाटलं, विम्याचा नाहीतर फंडाचा कसला कागद राहिलाय. "कुठला फॉर्म ओ काका?" त्यानं मला विचारलं. मी दादाच्या कानाशी वाकून म्हणालो, "गेला, दादा." त्यानं पुढं विचारलं, "देश छाटलंस न्हवं?" "छाटले." "समदं?" "समदं. एकच ठेवलाय." त्यानं मान हलवली, डोळे मिटले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. आज त्याला पाच आठवडे होतील. थोरल्या भावाशी मी शेवटचं जे बोललो ते धडधडीत खोटं होतं. ते त्यानं खरं मानलं, की मला बरं वाटावं म्हणून मानल्यासारखं केलं... हे आता मला कोण सांगणार?

गेलेला माणूस किती मोठा होता हे सांगायला असे लेख लिहितात. दादा तसा मोठा नव्हता. उद्यमनगरात पॅटर्नमेकर होता. फौंड्रीत लोखंडाचा एखादा भाग ओतायचा तर आधी तो हुबेहूब लाकडात करावा लागतो, मग वाळूत दाबून त्याचा साचा उठवतात. ते लाकडी काम दादाचं. त्याच्याकडं एक पितळी मोजपट्टी होती, तिला तो आटणीची पट्टी म्हणायचा. ओतलेलं लोखंड थंड होताना आटतं, फुटामागं सूतभर. म्हणून या लोकांच्या पट्टीवरचा फूटच सूतभर मोठा असतो. लहानपणी मी तिनं वहीत रेघा मारल्या आणि मास्तरांचा मार खाल्ला, तेव्हा दादा हसून म्हणाला होता, "खोटी न्हाय रं ती. माल थंड झाला की खरी हुती." पुढं ही पट्टी त्याच्या अंगातच भिनली. चौघं जेवायला येणार असले की वहिनींना सहा जणांचा भात टाकायला सांगायचा. एसटी नऊची असली की आठला स्टँडवर. "आटतंय शेवटाला समदं," हे त्याचं वाक्य. आम्ही त्याची यथेच्छ टिंगल करत असू.

आम्ही तिघं भावंडं. दादा, मग अक्का, मग मी. अक्का नैरोबीला दिली होती. तिचे यजमान तिकडं रेल्वेत हिशेबनीस होते. स्थळ आलं तेव्हा मंगळवार पेठेतल्या निम्म्या लोकांना आफ्रिका कुठं आहे हेही ठाऊक नव्हतं. लग्नानंतर ती एकदाच माहेरी आली. आई मात्र तिकडं कधी गेली नाही, आणि जाणारही नव्हती, कारण अक्काला मूल नव्हतं. आमच्याकडं जुन्या बायकांचा नियम आहे, लेकीला मूल होईस्तोवर आईबापानं तिच्या घरी जेवायचं नाही, पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. इथं शेजारच्या गावात लेक असली तर ओट्यावर बसून, दोन शब्द बोलून परत फिरता येतं. नैरोबीला जाऊन कोण ओट्यावर बसणार? अक्काच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. भावोजी दर पत्रात बोलवायचे आणि आई दर वेळी मला तेच लिहायला सांगायची, "लिव, नातवाच्या बारशाला येतो म्हनावं." हे वाक्य मी दर वेळी इमानानं लिहीत गेलो. ते वाचून अक्काला काय होत असेल, याचा विचार मी इंग्रजी शिकवणाऱ्या शहाण्या मास्तरनं एकदाही केला नाही.

ही गोष्ट साठच्या दशकाच्या अखेरची. मी तेव्हा राजारामपुरीत दोन खोल्यांत बिऱ्हाड केलं होतं. आई दादाकडं मंगळवार पेठेतच असे. दिवाळी होऊन गेल्यावर एका संध्याकाळी मी तिकडं गेलो तर दादा बाहेरच्या सोप्यात माझा जुना शाळकरी नकाशा पसरून बसला होता. हातात आटणीची पट्टी. आई भिंतीला टेकून वाती वळत होती. मला बघताच दादा मोठ्यांदा म्हणाला, "आलास? बस. आपुन आफ्रिका बघायला जायचं." मला हसूच फुटलं. पण गडी गंभीर होता. आईला ऐकू जाईल असं तो एकेक सांगू लागला. मुंबईहून बोट, मोंबासाला उतरायचं. तिथनं आगीनगाडी. नैरोबी फक्त वाटेवर. खरं बघायचं ते पुढं. युगांडात नाईल नदी जिथनं निघते ती जागा. टांझानियात बर्फाचा डोंगर, आणि झांजिबार, जिथनं आपल्या लवंगा येतात. जमलं तर इथिओपिया, तिथली देवळं म्हणे खडकात कोरलेली. चार देश! "अक्काच्या घरी उतरायचंच न्हाय," तो म्हणाला. "धर्मशाळा हाय तिथं. अक्का येईल भेटायला. तू तिच्या घरात पाऊल टाकू नकोस, मग तर झालं?"

आई आधी उडवून लावायची. पण दादा रोज संध्याकाळी नकाशा काढायचा. हळूहळू आई जवळ सरकून बसायला लागली. डोंगराचं तिला काही नव्हतं, लवंगांचंही नव्हतं. नदीनं मात्र तिला धरलं. एवढी मोठी नदी, आणि आपण तिच्या उगमाशी जायचं! एक दिवस ती म्हणाली, "मग आपल्या पंचगंगेचं पाणी न्हेऊन वतायचं तिथं. काशीचं रामेश्वराला न्हेत्यात तसं." त्या दिवशी दादानं माझ्याकडं बघून डोळा मारला. मला वाटलं, आईला पटवल्याचा आनंद आहे. आनंद होताच, पण त्याच्यामागं काय होतं ते मला दिसलं नाही. त्याच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात अक्काचं निळं हवाई पत्र होतं, फौंड्रीच्या पत्त्यावर आलेलं. अक्काच्या हृदयाची झडप निकामी होत चालली होती. डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता आणि फार दिवस दिले नव्हते. तिनं लिहिलं होतं, आईला आण. पण मी आजारी आहे म्हणून आणू नकोस, येईस्तोवर वाटेतच तिचं काहीतरी होईल. ती हसत येऊ दे. मला ती रडताना बघायची नाही. हे सगळं दादानं एकट्यानं पोटात ठेवलं होतं. वहिनींना नाही सांगितलं, मला नाही सांगितलं. भावोजींनी बोटीची तिकिटं पाठवली होती, तेही लपवलं. आणि रोज संध्याकाळी सोप्यात बसून तो आईला झांजिबारच्या लवंगा दाखवत होता.

अर्ज मी भरले. आईचा, दादाचा आणि माझा. वहिनी लहानग्या सुरेशला घेऊन घरीच राहणार होत्या. त्या काळी पासपोर्टवर कुठल्या कुठल्या देशांत जाणार त्यांची नावं घालून घ्यावी लागत. मी विचारलं, "खरंच चारही लिहू?" दादा म्हणाला, "लिव. चार मागितलं तर एक तर हातात ऱ्हाईल." आटणीची पट्टी! शिवाय आई समोर बसली होती आणि मी तिला अर्जातली नावं मोठ्यानं वाचून दाखवत होतो. तिनं युगांडावर बोट ठेवून विचारलं, "हितंच का ती नदी?" मी म्हणालो, "हितंच." मग तिनं त्या नावाला नमस्कार केला.

जानेवारीच्या शेवटी दादाला कोईमतूरच्या एका फौंड्रीत पंपाचे पॅटर्न करायला सहा आठवड्यांसाठी जावं लागलं. त्याच्या मालकाचा शब्द गेला होता, नाही म्हणता येईना. स्टँडवर मी पोचवायला गेलो होतो. गाडी सुटता सुटता खिडकीतून वाकून तो म्हणाला, "कागद परत आला तर थांबू नगं. छाटायचं ते छाट. हुळीनंतरची बोट चुकली न्हाय पायजे." मी म्हणालो, "होळीनंतर माझ्या परीक्षा आहेत, एप्रिलअखेरची धरूया की." त्याचा चेहरा असा काही झाला, की मला वाटलं प्रवासाचा त्रास आहे. "आईला उन्हाळा सोसत न्हाय," एवढंच तो बोलला. गाडी हलली.

पंधरा दिवसांत कागद परत आले. मुंबईच्या पासपोर्ट कचेरीनं स्वच्छ लिहिलं होतं, प्रत्येक देशातल्या कुणाचं तरी हमीपत्र जोडा, नाहीतर ज्याचं जोडलंय तेवढ्याच देशासाठी अर्ज करा. केनियाचं भावोजींचं हमीपत्र होतंच. टाक बुडवून तीन नावांवर रेघा मारायच्या, सही करायची, पोस्टात टाकायचे. दहा मिनिटांचं काम होतं. ते मी केलं नाही. का केलं नाही हे गेली सोळा-सतरा वर्षं मी स्वतःला विचारतोय, आणि दर वेळी नवीन कारण सापडतं. एक तर आई. मी गेलो की रोज विचारायची, नदीचं काय झालं? उगम छाटला म्हटलं असतं तर उरलं फक्त लेकीचं घर, आणि मग ती बोटीत पाय ठेवणार नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. दुसरं, परीक्षा. बोट पुढं गेली तर माझ्या पथ्यावरच पडणार होतं. आणि तिसरं कारण सर्वांत हलकं, म्हणून शेवटी लिहितोय. लहानपणापासून दादानं केलेल्या गोष्टींवर मी जगलो. एकदा तरी मला त्याचं काम त्याच्यापेक्षा बरं करून दाखवायचं होतं. तो एक देश म्हणतोय, आपण चार आणून दाखवू! मी भावोजींच्या ओळखीच्या युगांडात, कंपालाला राहणाऱ्या एका गुजराती दुकानदाराला हमीपत्रासाठी पत्र टाकलं आणि वाट बघत बसलो. दादाला कोईमतूरला एका ओळीनं कळवलंही नाही.

शिमग्याच्या दिवशी दुपारी दादा परत आला. पेठेत पोरं बोंब मारत फिरत होती. मी ओट्यावर त्याचीच वाट बघत होतो. पिशवी खाली ठेवायच्या आत मी त्याला बातमी दिली, कंपालाचं पत्र आलं, कालच सगळं मुंबईला धाडलं, निदान युगांडा तरी मिळणार. शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. दादानं विचारलं, "छाटलं न्हाईस?" मी म्हणालो, "अरे, मिळतंय तर..." तो ओट्यावर बसला. एक वहाण काढली. दुसरी काढायची विसरला. बराच वेळ तसाच, एका पायात वहाण घालून बसला. मग उठला, तीच पिशवी उचलली आणि अंघोळ न करता, पोळी न खाता, संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला गेला. मला एका शब्दानं बोलला नाही. अरे, बोलायचं होतंस की रे! त्या ओट्यावर माझ्या मुस्काटात मारून सांगायचं होतंस, अक्का मरतीय म्हणून. मी तुझा भाऊ होतो, परका नव्हतो. पुढं एकदाच मी त्याला हे विचारलं. तो म्हणाला, "तुझ्या तोंडात तीळ भिजत न्हाय. आईम्होरं बोलला असतास." आणि ते खरं होतं. मी बोललो असतो. बोललो असतो तर सगळंच निभावलं असतं, हेही तितकंच खरं होतं.

मुंबईत खेटे घालून, नावं छाटून त्यानं पासपोर्ट आणले, पण तोवर होळीनंतरची बोट निघून गेली होती. पुढची चार आठवड्यांनी. नदी छाटल्याचं आईला सांगितलं नाही, तिथं गेल्यावर बघू म्हणाला. आईनं स्वतः घाटावर जाऊन तांब्याच्या गडूत पाणी भरलं आणि दादानं त्याचं तोंड लाखेनं बंद करून दिलं. ट्रंका भरून सोप्यात ठेवलेल्या. बोटीला पाच दिवस राहिले असताना तार आली.

होळीनंतरची ती बोट मिळाली असती तर आम्ही मार्चअखेर नैरोबीत असतो. अक्का गेली त्याच्या आधी दहा-बारा दिवस मिळाले असते. हा हिशोब मी बोटांवर इतक्या वेळा केलाय की आता तो झोपेतही चुकत नाही.

तारेनंतर दादानं अक्काचं पत्र बाहेर काढलं. मला वाचता येईना, म्हणून त्यानंच वाचलं. आई ऐकत होती.  मग म्हणाली, "मला सांगितलं का न्हाय?" दादा म्हणाला, "तू तिच्या घरी पानी पीत न्हवतीस..." तशी आई किंचाळली. मी माझ्या आईला तशी कधी ऐकली नव्हती. "आरं, मरत्या लेकीच्या घरी पानी पिऊ नगा आसं कुठं लिवलंय? सांगितलं आसतं तर तिथली माती खाल्ली आसती मी!" वहिनी तिला धरायला गेल्या, तिनं त्यांना झिडकारलं. मग तिनं विचारलं, "एवढं ठाव हुतं, तर बोट कशी चुकली? कुनामुळं?"

दादानं माझ्याकडं बघितलं. फार नाही, क्षणभर. मी फरशीकडं बघत होतो. "माझ्यामुळं," तो म्हणाला. "फारमात देश मी ज्यास्ती लिवलं. माझी चूक हाय." यात एक अक्षरही खोटं नव्हतं. देश लिहायला त्यानंच सांगितलं होतं. तेवढ्या आडोशाला मी उभा राहिलो आणि गप्प बसलो.

आईनं सोप्यातली स्वतःची ट्रंक ओढली. लाखेनं बंद केलेला गडू दगडावर आपटून त्याची लाख फोडली आणि पाणी ओट्याच्या पायऱ्यांवर ओतलं. "ज्या घरानं मला माझ्या लेकीच्या घरचं पानी पिऊ दिलं न्हाय," ती म्हणाली, "त्या घरचं पानी मला नगं." आणि ती माझ्याकडं आली. चालत. मी तिची ट्रंक डोक्यावर घेऊन मागं.

त्यानंतर ती आठ वर्षं जगली, माझ्या घरी. माझ्या हातचं जेवली, माझ्या घरचं पाणी प्याली, आणि आल्यागेल्याला सांगत राहिली, धाकट्यानं मला सांभाळलं. सणासुदीला मी तिला मंगळवार पेठेत घेऊन जायचो. ती ओट्यावर बसायची, आत जायची नाही. आजऱ्याच्या आमच्या वहिनी, मोठ्या शिस्तीच्या. आई आली की चिंचेनं लख्ख घासलेला तांब्या आणि फुलपात्र तिच्यापुढं ठेवायच्या. आई हात लावायची नाही. वहिनी थोड्या वेळानं तो तसाच भरलेला आत न्यायच्या. दादा उंबऱ्याशी बसून सुरेशला काहीबाही विचारत राहायचा. मी हे आठ वर्षं बघितलं. प्रत्येक वेळी ठरवून जायचो, आज सांगायचंच. शब्द ओठांवर यायचे आणि मी म्हणायचो, चल आई, ऊन व्हायला लागलं. ती गेली तेव्हाही माझ्याच घरी गेली. तिच्या तोंडात गंगेचं पाणी घालायला दादा आला, तेव्हा तिला शुद्ध नव्हती. थोरल्या लेकाच्या हातचं पाणी तिला असं मिळालं, तिला न कळता. मी कोपऱ्यात उभा होतो.

मागच्या रविवारी वहिनींकडं गेलो. त्यांनी दादाची हत्यारं सुरेशला दिली होती, आटणीची पट्टी तेवढी माझ्यासाठी कापडात गुंडाळून ठेवलेली. "ही तुम्हाला द्याची म्हनून सांगून गेल्यात," म्हणाल्या. ती हातात घेतली आणि मला राहवलं नाही. ओट्यावर, आईच्या जागेवर बसून मी सगळं सांगितलं. कागद परत आले होते, मीच छाटले नाहीत, मीच बोट चुकवली, आणि आठ वर्षं तुमच्या दारातून भरला तांब्या परत गेला तो माझ्यामुळं. आता त्या मला काय वाटेल ते बोलोत, हाकलोत, इतकंच मला हवं होतं.

वहिनी म्हणाल्या, "ठाव हाय मला. तार आली त्याच दिशी सांगितलंतं त्यांनी."

 मी विचारलं, "मग आईला का नाही सांगितलं त्यानं? कधीच?"

"मी भांडले हुते की त्यावरनं," त्या म्हणाल्या. "तर म्हनाले, लेकीचं घर गेलं, माझं गेलं. धाकल्याचं तर ऱ्हाऊ दे. आईला पानी प्यायला एक तरी घर पायजे."

मग त्या आत गेल्या आणि तांब्या-फुलपात्र घेऊन आल्या. तोच तांब्या, चिंचेनं घासलेला. माझ्यापुढं ठेवला आणि उंबऱ्याशी, दादा बसायचा तिथं बसल्या. मी तांब्याकडं नुसता बघत राहिलो. "भावजी," त्या म्हणाल्या, "आता तुम्ही सुरू करू नगा. प्या." मी फुलपात्र भरलं. पाणी नळाचंच होतं, पेठेतलं नेहमीचं. सगळा तांब्या मी संपवला, आणि त्यांच्याकडं आणखी मागितलं.